झाकणाचा वास

"तोंड उघड."

"मॅडम?"

"तोंड उघड म्हटलं ना. दाताच्या डॉक्टरपुढं उघडतोस तसं."

निनाद खोबरेनं तोंड उघडलं नाही. ओठ घट्ट मिटून माझ्याकडं बघत राहिला. नुकतंच उजाडलं होतं, डेअरीच्या डॉकवर पहिल्या गाडीचे कॅन उतरत होते, आणि डेअरी टेक्नॉलॉजीत कॉलेजात पहिला आलेला हा पदवीधर माझ्यापुढं उभा राहून वेलचीचा घमघमाट सोडत होता.

"किती वेलच्या चघळल्यास?"

"चहात होती, मॅडम."

"कुठला चहा? तुझ्या खोलीत स्टोव्हसुद्धा नाही. कॅन्टीनवाला अजून यायचाय. वेलचीचा चहा काय नळाला आला?"

मागं कॅन उचलणारा बाबू खुसकन हसला. निनादचे कान लाल झाले. झाले तर झाले. मला त्याची दया बिया अजिबात येत नव्हती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगोल्याच्या रस्त्यावर आमची डेअरी, आणि तिथल्या लॅबची मी प्रमुख. शालन थोरवत. नवरा गेल्यावर मी माहेरचं नाव पुन्हा लावलं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "तुम्हाला काय करायचंय?" एवढंच उत्तर देत आले. नाकानं कांदे सोलणारी बाई म्हणून माझी ख्याती होती. असू दे. दुधाच्या धंद्यात नाकाशिवाय चालत नाही.

म्हणजे यंत्रं असतात, फॅट दाखवतात, पाणी दाखवतात. पण पहिली परीक्षा नाकाची. कॅनचं झाकण उघडलं की दुधात डोकावायचं नाही, आधी झाकण नाकाशी न्यायचं. रात्रभराचा वास झाकणाच्या आतल्या बाजूला अडकून बसलेला असतो. दूध आंबायला लागलंय का, गोठ्यात चुलीचा धूर होता का, म्हशीनं काय खाल्लं, सगळं झाकण सांगतं. शंका आली तर परीक्षानळीत थोडं दूध घेऊन ज्योतीवर उकळायचं. फाटलं की माल परत. टँकरलाही तोच नियम. म्हणून डॉकवरच्या माणसानं कामाआधी तंबाखू खायची नाही, अत्तर लावायचं नाही. मी कित्येक वर्षं सकाळी कच्चा कांदा खाल्लेला नाही. आणि हा शहाणा वेलची खाऊन आला होता. वेलचीखाली काय होतं तेही मला कळत होतं. रात्रीच्या दारूचा सकाळचा वास मला कुणी शिकवावा लागत नाही.

"लॅबमध्ये जा आणि बस," मी म्हणाले. "झाकणाला हात लावायचा नाही."

तो गेला. अर्ध्या तासात आमचे प्लँट मॅनेजर घोडकेसाहेब त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला परत डॉकवर घेऊन आले.

"बाई, माणूस कमी आहे. उभा राहू दे त्याला."

"तो प्यालाय साहेब."

"रात्री घेतली असेल थोडी. पोरं आहेत, एकटी राहतात. हुशार आहे हो पोरगं. सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! या दोन शब्दांचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा आंबलेल्या दुधाचाही नाही. आला तेव्हा पोरगं हुशार होतं हे मीही कबूल करते. आल्या आल्या त्यानं आमच्या आम्लता मोजायच्या द्रावणातली चूक पकडली होती, आणि मी त्याला सगळ्यांसमोर शाबास म्हटलं होतं. पण दिवाळीनंतर दोनेक महिन्यांत ते गाडं घसरलं. डबा उघडायचा नाही. कोपऱ्यात बसून भिंतीकडं बघत राहायचा. विचारलेलं दोनदा विचारावं लागायचं. आकडे चुकायचे. मग सकाळी वेलची सुरू झाली. आणि आमच्या प्लँटनं त्याला सांभाळून घ्यायला सुरुवात केली. उशीर झाला की बाबू गेटवर निरोप ठेवायचा, आकडे चुकले की लॅबची पोरगी गुपचूप दुरुस्त करायची, आणि घोडकेसाहेब सगळ्यांचं कौतुक करायचे. आपली माणसं किती प्रेमळ! त्याचं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं. सगळ्यांचं एकच म्हणणं, एकदा कायम होऊ दे, आपोआप मार्गाला लागेल.

त्या सकाळी साहेबांच्या हुकमानं तो डॉकवर उभा राहिला आणि त्यानं एक टँकर पास केला. दुपारच्या आत त्या टँकरच्या आंबट दुधानं सायलोतलं, म्हणजे साठवणीच्या मोठ्या टाकीतलं, सगळं चांगलं दूधही नासवलं. पाश्चरायझरच्या प्लेटांत दूध फाटून चोथा बसला आणि प्लँट बंद पडला. आम्ही दोन्ही शिफ्टची माणसं लावून प्लेटा खरवडत होतो. जमिनीवरून पांढरं पाणी गटाराकडं वाहत होतं आणि आंबूस वासानं डोकं उठलं होतं. घोडकेसाहेब फोनवर वरच्यांना सांगत होते, "टँकरचं कूलिंग गेलं होतं साहेब. ड्रायव्हरनं लपवलं. त्याला काळ्या यादीत टाकतोय."

ड्रायव्हरचं नाव इलाही. स्वतःच्या टँकरवर पोट असलेला माणूस. तिथंच उभा राहून ऐकत होता. टँकर आला तेव्हा तापमान मी स्वतः बघितलं होतं. कूलिंगला काही झालं नव्हतं. दूध त्याच्याकडं आलं तेच उतरलेलं होतं, आणि ते डॉकवर थांबवायचं काम ज्याचं होतं तो लॅबच्या मोरीपाशी नळ सोडून नुसता उभा होता.

मी दार लावून घेतलं.

"नळी उकळलीस?"

त्यानं माझ्याकडं पाठ ठेवूनच नळ बंद केला.

"खोबरे, मी भिंतीशी बोलत नाही. टँकरचं दूध उकळून बघितलंस का?"

"घेतलं होतं उकळायला."

"मग?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले. हात असे कापत होते की मीच नजर काढून घेतली.

"ज्योतीवर नळी धरता येईना. बाबू बघत होता. म्हणून ओतून टाकली आणि पास म्हणालो."

"आणि वास? वासही आला नाही?"

"मला कशाचाच वास येत नाही आता, मॅडम. चवही नाही. जेवण कागदासारखं लागतं."

"एवढं कळतंय तर ढोसतोस कशाला, मेल्या?"

"झोपेसाठी."

मग तो बोलायला लागला तो थांबेना. रात्र रात्र डोळा लागत नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. गावात त्याच्या नोकरीचे पेढे वाटलेत, वडील शाळेतल्या पोरांना त्याचं उदाहरण देतात, आणि हा डॉकवर उभा राहिला की याला एकच वाटतं, आता चुकणार, आता सगळ्यांना कळणार की याला काही येत नाही.

"वाटतं काय? चुकलासच की," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "दिवाळीत सोलापूरला एका डॉक्टरांकडं गेलो होतो. मानसोपचारवाले. त्यांनी गोळ्या दिल्या. महिनाभरात फरक पडला होता मॅडम, झोप यायला लागली होती. मग स्थळ आलं. आई म्हणाली, लग्न होईपर्यंत गोळ्या बंद ठेव. मुलीकडचं कुणी खोलीवर आलं आणि पाकीट बघितलं तर वेडा म्हणतील."

"आणि बाटली बघितली तर?"

तो हसला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच हसू, आणि तेही रडण्याच्या जवळचं.

"बाटलीला कोण काय म्हणतं, मॅडम? ती सगळ्यांच्याच घरात असते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग कुणाचा आला हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं. मी म्हणाले, "हे बघ, मी आत्ता जाऊन घोडक्यांना सांगते. टँकर तू पास केलास, न तपासता. इलाहीच्या पोटावर पाय द्यायचं काही कारण नाही."

"मॅडम, एक दिवस थांबा." त्यानं हात जोडले. "फक्त उद्याचा दिवस. उद्या मुलीचे वडील इथं चौकशीला येतायत. साहेबांनी त्यांना तुमच्याकडंच पाठवायचं ठरवलंय. लग्न मोडलं तर आई अंथरूण धरेल."

आमच्याकडची ही रीत. मुलगा पसंत पडला की मुलीचा बाप त्याच्या कामाच्या ठिकाणी जातो आणि विचारतो, मुलगा कसा आहे? आणि ऑफिस एका सुरात सांगतं, सोन्यासारखा. त्यात कुणाला पाप वाटत नाही. उलट एक लग्न जुळवल्याचं पुण्य पदरी पडलं म्हणून लोक घरी जाऊन बायकोला सांगतात.

"असल्या कामात मी खोटं बोलत नसते," मी म्हणाले. "आणि आहे कोण हा बाप?"

"होनराव. गजेंद्र होनराव. सूतगिरणीत ऑफिस सुपरिटेंडंट होते, रिटायर झालेत."

माझ्या हातात काचेची नळी होती. ती मी नीट ठेवली.

"बरं," मी म्हणाले. "थांबते एक दिवस."

तो माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले. "ऊठ. तुझ्यासाठी थांबत नाहीये."

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपल्यावर घोडकेसाहेब पाहुण्यांना घेऊन लॅबमध्ये आले. त्याआधी मला बाजूला घेऊन बजावून झालं होतं, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन शब्द गोड बोला. पोराचं भलं होईल, तुमचं काय जातंय?"

होनराव पांढऱ्या सफारीत होते. अंग सुटलेलं, केस रंगवलेले, बोलताना मांडीवर थाप मारायची सवय तशीच. मी डोक्याला टोपी आणि नाकातोंडावर फडकं बांधलेलं होतं, लॅबमध्ये आम्ही बांधतोच. ते मी सोडलं नाही.

"या आमच्या थोरवत बाई," घोडके म्हणाले. "निनादच्या साहेब. यांच्या तोंडून चांगला शब्द निघणं म्हणजे आयएसओचं सर्टिफिकेट. बोला तुम्ही, मी चहा पाठवतो." आणि मला डोळ्यानं खुणावून ते गेले.

होनराव स्टुलावर बसले. "बाई, तुमच्या साहेबांनी सांगितलंच आहे. पण म्हटलं, जो रोज बरोबर असतो त्याला विचारावं. माझी एकुलती एक मुलगी. एम.कॉम. आहे. आई नाही तिला. मी म्हातारा माणूस, चूक व्हायला नको. मुलगा कसा आहे?"

समोर हा माणूस आर्जवं करत होता, आणि मी मनात म्हणत होते, एक वाक्य. फक्त एक वाक्य, आणि सगळी फेड झाली. त्याचंच वाक्य त्याच्या पदरात टाकायचं आणि घरी जाऊन शांत झोपायचं. खोटं बोलत नसते असं कालच म्हणाले होते, पण असलं खोटं बोलायला मला मजा वाटली असती. देवाशपथ वाटली असती.

"मुलगा ना?" मी म्हणाले. "मुलगा अगदी सोन्याचा तुकडा आहे. डोळे झाकून पोरगी द्या. उद्या काही कमीजास्त झालं तर या होनरावाचं नाव बदला."

त्यांचा चेहरा फुलला, मांडीवर थाप मारायला हात वर गेला आणि तिथंच राहिला.

"काय म्हणालात?"

"तुम्हीच म्हणाला होतात ते. मांडीवर थाप मारून. सूतगिरणीच्या ऑफिसात, माझ्या बापाला."

मी तोंडावरचं फडकं सोडलं.

त्यांना वेळ लागला. मग ओठ हलले. "दिनकरची... दिनकर पोरेची बायको?"

"दिनकर पोरेची विधवा."

"अरे देवा," होनराव म्हणाले. "दिनकर. बी.एस्सी. होता. फार गुणी माणूस. काविळीनं गेला बिचारा."

"काविळीनं!" मी टेबलावर हात आपटला, तशा बरण्या वाजल्या. "काविळीनं गेला म्हणायचं आणि तेराव्याचं जेवून ढेकर द्यायचा. माझा बाप तुमच्याकडं चौकशीला आला तेव्हा तो शिफ्टला पिऊन येत होता. तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक होतं की नव्हतं?"

"होतं," ते हळू म्हणाले. "पण लग्न झालं की सुधारतो माणूस, असं वाटायचं तेव्हा. सगळेच म्हणायचे. मी त्याला सांभाळून घेतलं, बाई. तो आला नाही तरी मी हजेरी लावायचो त्याची. पगार कधी कापू दिला नाही. तुमच्या घरी रेशन आलं ते..."

"आलं. त्याच पगारातून बाटलीही आली. तुम्ही एकदा त्याचा पगार कापला असता, एकदा गेटवरनं परत पाठवला असता, तर माझ्या सासऱ्यांचे डोळे उघडले असते. तुम्ही कुणाला काही दिसूच दिलं नाहीत."

होनरावांनी खिशातून रुमाल काढला. घाम पुसला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "जे झालं ते झालं. माझ्यावर राग काढा, मी ऐकून घेतो. पण माझ्या पोरीवर नको. हा मुलगा खरा कसा आहे ते सांगा. पाया पडतो. एकुलती एक आहे माझी."

"मीपण एकुलती एकच होते," मी म्हणाले.

लॅबच्या दारातून कपबशा वाजल्या. चहाचा ट्रे घेऊन निनाद उभा होता. घोडक्यांची ही कल्पना, मुलगा किती नम्र आहे ते होणाऱ्या सासऱ्याला दिसावं. किती वेळ उभा होता कोण जाणे. ट्रेमधल्या बशांत निम्मा चहा सांडला होता. त्याच्या तोंडाला वेलचीचा वास नव्हता. दारूचाही नव्हता. रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तो होता.

"मी सांगतो," तो म्हणाला.

"खोबरे, तू जा."

"नाही मॅडम. त्यांनी माझी चौकशी केली आहे ना? मग मीच सांगतो." त्यानं ट्रे टेबलावर ठेवला. "मी पितो, काका. रोज. कालपर्यंत रोज. माझ्या हातून काल एक टँकरभर दूध नासलं आणि नाव दुसऱ्याचं झालं. मी अजून कायम झालेलो नाही आणि बहुतेक होणारही नाही."

होनराव त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि जाईल. पण नाही. इतकं सगळं ऐकून झाल्यावरही त्या माणसाच्या चेहऱ्यावर हिशोब सुरू झाला. मला दिसत होता.

"पोरा, खरं बोललास ते बरं केलंस," ते म्हणाले. "आता पिणं... आजकाल कोण घेत नाही? मनावर घेतलंस तर सुटेल. मुलगी समजूतदार आहे. मी..."

"मी मानसोपचार डॉक्टरांकडं जात होतो," निनाद म्हणाला. "गोळ्या चालू होत्या. आईनं बंद केल्या. मी परत चालू करणार आहे. लग्न झालं तरी चालू राहतील."

होनराव उठून उभे राहिले.

"म्हणजे डोक्याचं?"

"हो."

"घराण्यात आहे कुणाला?"

"माहीत नाही."

"अरे, मग हे आधी सांगायला पाहिजे होतं!" त्यांचा आवाज एकदम चढला. "फसवणूक झाली ही. पिण्याचं एक वेळ ठीक होतं, ते लपून राहतं, सुटतं. हे डोक्याचं म्हणजे... वेड्याच्या घरात पोरगी द्यायची का मी?"

आता माझा तोल सुटला. काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. पण एक गोष्ट मी त्यांना दारात अडवून सांगितली, आणि ती मी त्याआधी कुणालाच सांगितली नव्हती, माझ्या बापालाही नाही.

"आठवतंय का होनराव, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी दिनकरला मिरजेला डॉक्टरांकडं न्यायला निघाले होते? त्यांनी एकदा तपासून सांगितलं होतं, याला आधी मनाचा आजार आहे, दारू नंतरची. गोळ्या घ्या, बरा होईल. सासू-सासऱ्यांनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही आमच्या ओट्यावर बसून सल्ला दिलात. डोक्याच्या डॉक्टरचं नाव निघालं तर गिरणीत वेडा म्हणून शिक्का बसेल, नोकरी जाईल. त्यापेक्षा पिणं जरा कमी कर म्हणावं, मी सांभाळून घेतो. आठवतंय? माझी बॅग भरलेली होती. सासूनं ती उचलून माळ्यावर टाकली. गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता तो. तुम्ही दारूला हजेरी दिलीत आणि औषधाला दारातनं हाकललंत. आत्ताही तेच करताय. जा. पोरगी देऊ नका याला, ते बरोबरच आहे, हा आत्ता कुणाची पोरगी करून घ्यायच्या लायकीचा नाही. पण जाताना कारण नीट घेऊन जा. हा पितो म्हणून द्यायची नाही. औषध घेतो म्हणून नव्हे!"

होनराव मला वळसा घालून बाहेर पडले. चहा तसाच राहिला. खिडकीतून मला ते गेटकडं जाताना दिसले, एकदा थांबले, मागं वळून बघितलं आणि गेले. त्यांच्या मुलीचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

निनाद भिंतीला टेकून खाली बसला होता. "झालं समाधान, मॅडम?" तो म्हणाला. आवाजात विष होतं. "स्थळ गेलं. आता नोकरीही जाईल."

"नाही झालं," मी म्हणाले. "सोलापूरची गाडी सकाळी किती वाजता असते?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही करायचं नाही. तुला जायचंय. आणि आल्यावर डॉकवर पाय ठेवायचा नाहीस. हात कापायचे थांबेपर्यंत लॅबमध्ये नळ्या धुवायच्या. पदवी घरी ठेवून ये."

त्याच संध्याकाळी मी घोडक्यांना टँकरचं खरं सांगितलं, निनादला समोर उभा करून. इलाहीचं नाव यादीतून निघालं. घोडके माझ्यावर महिनाभर फुगून होते. "बाई, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही," असं चारचौघांत म्हणायचे. निनादचं कायम होणं वर्षभर पुढं गेलं. त्याची आई लातूरहून आली आणि गेटवर उभी राहून मला शिव्याशाप देऊन गेली, माझ्या लेकराचं वाटोळं केलं म्हणून. मी ऐकून घेतले. तिलाही कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

तो सुधारला असं मी लगेच म्हणणार नाही. दोनदा घसरला. एकदा आठवडाभर गायब झाला, तेव्हा त्याला शोधून काढून मी जे बोलले त्यावर त्यानं मला "तुमच्यासारखी कडू बाई बघितली नाही" असं तोंडावर सांगितलं. बरोबरच होतं. पण सोलापूरची फेरी त्यानं चुकवली नाही आणि कुणी त्याची चूक परत झाकली नाही. मी झाकू दिली नाही. नळ्या धुता धुता एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, हा साबण बदललाय का? वास वेगळा येतोय." साबण खरंच बदलला होता. मी "काम कर" म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले थोडा वेळ.

मग काही वर्षांनी एक मुलगी स्कूटरवरून डेअरीत आली. बाप नाही, काका नाही, एकटीच. नाव मयूरा, पोस्टात नोकरीला. मला म्हणाली, "निनाद खोबरेंची चौकशी करायची आहे. त्यांनीच पाठवलं. म्हणाले, माझी चौकशी करायची तर माझ्या मॅडमकडंच कर, त्या सोन्यासारखा म्हणणार नाहीत."

मी तिला बसवलं. फडकं सोडलं. "विचार," म्हटलं.

"प्यायचे ना?"

"प्यायचा."

"गोळ्या?"

"अजून चालू आहेत. चालूच राहाव्यात म्हणून तू बघायचंस."

"आणि आता? आता पीत नाहीत हे नक्की?"

बाहेर डॉकवर कॅनची झाकणं उघडत होती. निनाद एक एक झाकण नाकाशी नेत होता, बाबूवर ओरडत होता, एक कॅन त्यानं बाजूला काढायला लावला. तेवढ्या लांबूनही मला कळलं, त्या कॅनमध्ये काय बिघडलंय हे त्याला कळलंय.

"मुली," मी म्हणाले, "रोज सकाळी तो आत आला की मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेते. अजून घेते. त्याला ठाऊक आहे, म्हणून तोच येऊन समोर उभा राहतो. कैक वर्षं झाली, दुधाशिवाय दुसरा वास आलेला नाही. आजपर्यंतचं मी सांगितलं. उद्याचं मी कुणाचं सांगत नाही."

तिनं खिडकीतून डॉककडं बघितलं. मग म्हणाली, "मला शिकवाल का तो वास ओळखायला?"

मी कपाटातून तिच्यासाठी एक स्वच्छ टोपी काढली आणि तिला डॉकवर घेऊन गेले.